चाळिसावं मूल

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही फालानिकोची जन्माची खोड. एरवी माणूस सोन्यासारखा. पोस्टात तीस वर्षं कारकुनी केली, पण एक पत्र इकडचं तिकडं गेलं नाही (एक गेलं होतं, पण ते सासऱ्याचं होतं आणि मुद्दाम गेलं होतं). अक्षर मोत्यासारखं. म्हणून निवृत्त होऊन बेटावरच्या मातालिउ गावात परतल्यावर बायकांच्या समितीचं सगळं लिखाण आपोआप त्याच्याकडं आलं. समितीची अध्यक्ष त्याची बायको एपेनेसा असल्यामुळं नाही म्हणायची सोयही नव्हती.

त्या मंगळवारी एपेनेसा समितीच्या बैठकीहून आली ती हातात पत्र नाचवतच.

"अहो, दातांची गाडी येतेय. आतच डॉक्टर, आतच खुर्ची, सगळं आतच. पण अट आहे. पहिल्या दिवशी चाळीस लहान मुलं, आपापल्या आईबरोबर. चाळीस भरली तर गाडी दर महिन्याला येणार. नाही भरली तर जाणार पुआलेलेला."

पुआलेले म्हणजे शेजारचं गाव. गेल्या वर्षी क्रिकेटमध्ये त्यांनी मातालिउला असं धुतलं होतं की, त्या गावाचं नाव घेतलं तरी एपेनेसाच्या कपाळावर आठी पडायची. पण गोष्ट नुसत्या मानाची नव्हती. दातांचा डॉक्टर गाठायचा तर पहाटेची बस, दोन तासांचा रस्ता आणि दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसणं. एक पोर कडेवर, एक हाताशी आणि एक पोटात असलेली बाई हे करणार कधी? त्यामुळं मुलाचा गाल टम्म सुजल्याशिवाय कोणी हलत नसे. मागच्या डिसेंबरात ताप चढून एका मुलीच्या जिवावर बेतलं होतं, तेव्हापासून एपेनेसानं या गाडीसाठी अकरा अर्ज केले होते. अर्थात फालानिकोच्या अक्षरात.

"हात्तिच्या, चाळीसच ना?" फालानिको म्हणाला. "शनिवारपर्यंत यादी तुझ्या हातात."

एवढंच तो म्हणाला. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं.

संध्याकाळची प्रार्थना झाली की गावातली सगळी माणसं आपापल्या घरी जेवायला असतात. तेव्हा मुलं मोजायला हीच वेळ बरी, असा हिशेब त्यानं केला. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त एक गोष्ट तो विसरला. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला मातालिउत कोणी उभं ठेवत नाही. त्याला चटईवर बसवायचं, पानावर उकडलेला तारोचा कंद आणि नारळाच्या दुधातली पालेभाजी वाढायची, आणि तो पोट धरून मागं टेकेपर्यंत वाढतच राहायचं. मुलं तोवर मागच्या स्वयंपाकाच्या छपरात बसतात. पाहुण्याचं झालं की मग त्यांचं.

म्हणजे फालानिकोनं चार संध्याकाळी मिळून सतरा जेवणं जेवली, पण पोर एकही पाहिलं नाही. घरची बाई मागं बघून नावं सांगायची आणि हा तेलकट बोटांनी लिहायचा. जेवायचाही फक्त डाव्या बाजूनं. उजवीकडं खालची एक दाढ दोन वर्षं ठणकत होती. ती गोष्ट त्यानं बायकोपासून लपवली होती. मिठाच्या पाण्यानं चूळ भरताना तिनं पाहिलं, तर "घसा धरलाय" म्हणायचा. दोन वर्षं घसा धरलेला माणूस एपेनेसानं कसा खपवून घेतला, हे तीच जाणे.

शनिवारी त्यानं यादी ठेवली. त्रेचाळीस.

"त्रेचाळीस?" एपेनेसानं चष्मा वर केला. "एवढी मुलं आहेत आपल्याकडं?"

"मी घरोघर जाऊन लिहिलंय. पोस्टातला माणूस आहे मी."

आता अडचण निराळीच उभी राहिली. यादीत मुलं होती, पण आया तयार नव्हत्या. पहिली अडली शेजारची साईना. सात जणांचं घर आणि नवऱ्याच्या मासेमारीवर चूल, अशी तिची गत. फालानिको तिच्याकडं गेला तेव्हा ती चटई विणत होती, आणि मान वर न करताच म्हणाली, "मी नाही येणार, काका."

"का गं? फुकट आहे सगळं."

"फुकट आहे म्हणूनच. फुकट बोलणीही मिळतील. डॉक्टरीण पोरीचं तोंड उघडून बघणार, आणि सगळ्या गावासमोर विचारणार, काय गं बाई, काय खायला घालतेस पोरीला? मग मी काय सांगू? ती रडली की साखरेच्या पाण्यात पाव बुडवून देते म्हणून सांगू?"

फालानिकोला ते लागलं. खरं म्हणजे त्याच्याकडं यावर उत्तर नव्हतं. पण उत्तर नसताना गप्प बसेल तो फालानिको कसला.

"कोणी बोलणार नाही. मी सांगतो ना. आपण तो दिवस मुलांच्या रविवारसारखा करू. पांढरे कपडे, वचनं म्हणणं, मुलांना आधी जेवण. सणाला कोणी कोणाला बोलतं का?"

साईनाचा हात थांबला. मुलांचा रविवार म्हणजे ऑक्टोबरातला वर्षाचा सण. गावातलं प्रत्येक पोर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात, केसांना खोबरेल तेल थापलेलं. देवळात उभं राहून आपापलं बायबलातलं वचन म्हणायचं, आणि त्या एका दिवशी मोठ्यांच्या आधी जेवायचं. फालानिको सहा वर्षांचा असताना याच सणाला त्याचं हसं झालं होतं. वचन होतं नोहाच्या तारवाचं. "नोहानं तारू बांधलं, जनावरं घेतली दोन दोन", एवढं म्हणून तो अडकला तो अडकलाच. शेवटी भोकाड पसरून आईच्या पदराआड लपला. त्याला आज एकसष्टावं चालू होतं, तरी म्हातारी माणसं त्याला रस्त्यात "काय रे, दोन दोन" म्हणूनच हाक मारायची.

"आणि दात उपटला तर?" साईनानं विचारलं.

"कोणाचा दात काढायची वेळ आलीच," फालानिको छातीवर हात ठेवून म्हणाला, "तर पहिला माझा काढतील. समितीसमोर शब्द देतो."

मागं समितीच्या चार बायका बसलेल्या होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या मात्र बरोबर लक्षात राहिलं.

गाडी आली ती गुरुवारी सकाळी. पांढरी, लांबलचक, बाजूला हसऱ्या दाताचं चित्र. समोरच्या मैदानात सगळ्या बायका समितीच्या हिरव्या पोशाखात, आणि मुलं पांढरीशुभ्र, तेलानं चमकणारी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. डॉक्टर सेलूटा राजधानीहून आलेली तरुण मुलगी. ती खाली उतरताच तिच्या गळ्यात फुलांची माळ पडली, आणि पुढ्यात अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू.

"अगोदर काम करू या का?" तिनं भीत भीत विचारलं.

"अगोदर खा," एपेनेसा म्हणाली. त्यावर गावात अपील नव्हतं.

अकरा वाजता काम सुरू झालं. मदतनीस तावितो गाडीच्या दाराशी वहीत नाव लिहायचा, आई आणि मूल आत जायचं, डॉक्टर दात बघून खुणा करायची, आणि बाहेर येताना मुलाच्या हातात एक ब्रश आणि "शूर" लिहिलेला लाल स्टिकर. आधी सगळ्यांची नुसती तपासणी, काढणं-भरणं दुपारी, असं ठरलं होतं.

पहिलाच मुलगा खुर्चीवर बसला. डॉक्टर म्हणाली, "आ कर." मुलानं आ केला आणि खणखणीत आवाजात वचन सुरू केलं. सणाचे कपडे, समोर मोठी माणसं, सगळे आपल्याकडं बघताहेत, म्हणजे वचन म्हणायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरनं पूर्ण होईपर्यंत आरसा हातात धरून वाट पाहिली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं तर वचनाबरोबर हातवारेही केले आणि डॉक्टरचा चष्मा उडवला. शेवटी ती म्हणाली, "वचन शेवटी. आधी दात." मग काम जरा पुढं सरकलं.

फालानिको मैदानात मिरवत होता. एकतिसावं मूल आत गेलं, बत्तिसावं गेलं. एपेनेसाच्या चेहऱ्यावर त्यानं लग्नानंतर प्रथमच आपल्याबद्दलचं कौतुक पाहिलं. (लग्नात होतं की नाही हेही त्याला नीट आठवत नव्हतं.)

तेवढ्यात डॉक्टर गाडीच्या दारात आली. चेहरा गंभीर.

"काका, जरा इकडं या. इथल्या मुली पाणी कुठलं पितात?"

"टाकीतलं. पावसाचं. का हो?"

"चार मुली झाल्या. चारही साधारण चार वर्षांच्या. चौघींच्याही खाली डावीकडं शेवटच्या दाढेला भोक. अगदी तेवढंच, अगदी तिथंच. असं मी कधी पुस्तकातही वाचलं नाही. पाण्यात काहीतरी असणार."

यावर "मला माहीत नाही" म्हणणं सोपं होतं.

"असेल," फालानिको म्हणाला. "पाणी जरा तुरट लागतंच."

"मग वर कळवावं लागेल. माणसं येऊन पाणी तपासतील. तोवर गाडीचं काम थांबवावं लागेल."

ही बातमी मैदानात पोचायला डॉक्टरला पायऱ्या चढायला लागला तेवढाच वेळ लागला. एका बाईनं हातातला पेला गवतावर ओतला. दुसरीनं नवऱ्याच्या हातातला ओतला. कोणीतरी म्हणालं, पुआलेलेवाल्यांनी टाकीत काही टाकलं असेल. पाच मिनिटांत दोन तरुण काठ्या शोधायला निघाले. फालानिकोच्या पाचावर धारण बसली. अकरा अर्ज, सतरा जेवणं आणि बायकोचं ते पहिलंवहिलं कौतुक, सगळं एका तुरट पाण्यात बुडायला निघालं होतं.

तेवढ्यात गाडीतून एक बारीक, करकरीत आवाज आला.

"तिथं नका बघू. तिथलं चार वेळा बघून झालंय. दुसरीकडं बघा."

डॉक्टर एका मुलीला हाताशी धरून बाहेर आली. साईनाची लांगी. वय वर्षं चार. गोल पोट, तेलानं चपचपीत केस, आणि मुठीत चार ब्रश.

"तुझं नाव काय, बाळ?" डॉक्टरनं विचारलं.

"कुठल्या घरचं?" लांगीनं विचारलं.

मग सगळा उलगडा झाला. साईनाकडं ती लांगी. थोरल्या मावशीकडं फेतू, कारण तिथल्या पणजीचं नाव फेतू. मधल्या मावशीकडं रूता, धाकटीकडं मोआना, आणि आजीकडं टीना. ज्या घरी चांगला स्वयंपाक त्या घरी ती जेवायची आणि तिथंच झोपायची, हे गावात सगळ्यांना माहीत. फालानिको मात्र पाचही घरी पुढच्या बाजूला बसून तारो खात होता. आता समितीच्या यादीत नावापुढं मूल लिहिलेलं असताना कोणती बाई मोकळ्या हातानं येईल? प्रत्येकीनं लांगीला मागच्या बाजूनं हळूच आणलं होतं. लबाडी कोणाच्या मनातही नव्हती. मूल प्रत्येकीचंच होतं.

"मग हिची आई कोण?" डॉक्टरनं मैदानाकडं बघून विचारलं.

पाच जणी उठल्या.

डॉक्टरनं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि पायरीवर बसून इतकी हसली, इतकी हसली की तावितोनं तिला पाणी आणून दिलं. (तुरट नव्हतं.)

साईना मात्र हसत नव्हती. ती मान खाली घालून पुढं आली. "दाढ माझ्यामुळं किडली, डॉक्टर. बाकीच्या चौघींना काही बोलू नका. साखरेचा पाव मी देते."

"मीपण देते," थोरली मावशी म्हणाली.

"मी पावावर आटवलेलं दूध घालते," आजी म्हणाली. आजीला कोणी मागं टाकलेलं चालत नसे.

डॉक्टर उठली आणि पाचही जणींसमोर तिनं आपलं तोंड उघडलं. आत मागं दोन दाढा चांदीच्या. "मला तीन आया होत्या," ती म्हणाली. "तिघींनी साखर घालून कोको पाजला. लाड केले म्हणून बोलायला मी आलेले नाही, बाई. हिची दाढ मी आज भरते, दुखणार नाही. तू फक्त दर महिन्याला हिला घेऊन ये." मग जरा थांबून म्हणाली, "पाच जणींतली एकच आली तरी चालेल."

साईनानं डोळे पुसले. गेले चार दिवस तिच्या छातीवर असलेला धोंडा उतरला, हे कोणालाही दिसलं असतं.

तावितोनं तोवर समितीच्या यादीतल्या चार नावांवर काट मारली होती, आणि बोट ठेवून मोजत होता. त्यानं दोनदा मोजलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

अट चाळिसाची. एकोणचाळीस म्हणजे गाडी पुआलेलेला. एपेनेसानं फक्त फालानिकोकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत ते अकरा अर्ज दिसत होते, आणि फालानिकोला खरोखर वाईट वाटलं. आपल्या जिभेपायी गावातली पोरं पुन्हा गाल सुजवून बसणार, हे त्याला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचेना.

"एक मूल राहिलंय," साईना म्हणाली.

"कोण?"

"फालानिको काका. म्हणाले होते, दात काढायची वेळ आली तर पहिला माझा. समितीसमोर शब्द दिलाय."

"दिलाय," मागच्या चारही बायका एकदम म्हणाल्या.

"अगं, ते आपलं बोलण्यापुरतं," फालानिको मागं सरकला. "आणि माझे दात एकदम..."

"उजवीकडची खालची दाढ," एपेनेसा थंडपणे म्हणाली. "दोन वर्षं झाली. घसा धरलाय म्हणे. मला वेडी समजता का तुम्ही?"

"पण आई बरोबर हवी ना? अट आहे तशी," त्यानं शेवटची काडी धरली.

"मी मेलेय का?"

चटईवरून त्याची आई उठली. फिलोमेना, वय ब्याऐंशी, तोंडात स्वतःचे सत्तावीस दात. काठी टेकत ती आली आणि लेकाचं मनगट धरलं. "चल, नीको. नाक पूस आधी."

डॉक्टरनं पत्र काढून पुन्हा वाचलं. "लहान मुलं असं लिहिलंय. किती वर्षांपर्यंतची, ते लिहायचं साहेब विसरलेत," ती म्हणाली. "चूक साहेबांची, मी कशी सुधारणार? तावितो, नाव लिही."

गाडीच्या दारापर्यंत फालानिको ताठ मानेनं गेला. खुर्चीवर बसला, वरचा दिवा डोळ्यांवर आला आणि सुई दिसली, तिथं सगळं संपलं. गाडीचं दार उघडं, दाराबाहेर पांढऱ्या कपड्यातली एकोणचाळीस पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेली.

"आ करा," डॉक्टर म्हणाली.

फालानिकोनं आ केला. चोपन्न वर्षांपूर्वीची भीती जशीच्या तशी वर आली, आणि तिच्याबरोबर तोंडातून आपोआप निघालं, "नोहानं तारू बांधलं, जनावरं घेतली दोन दोन..."

आणि तो अडकला.

"पाऊस पडला दिवस-रात्र," दारातून लांगी ओरडली, "सुखरूप राहिले सगळे जण."

"एवढंच होतं होय," फालानिको पुटपुटला, आणि तेवढ्यात सुई लागली.

दाढ निघायला दहा मिनिटं लागली. आतून जे आवाज आले त्यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पुआलेलेपर्यंत ऐकू गेले, असं पुआलेलेवाले अजून सांगतात. तो गालाला बोळा लावून बाहेर आला तेव्हा मैदानात टाळ्यांचा कडकडाट चालला होता. गाडी दर महिन्याला येणार होती. एपेनेसा हसत होती, साईना हसत होती, काठ्या शोधायला गेलेले दोघे नारळ घेऊन परतले होते. फालानिकोला वाटलं, चला, दाढ गेली पण इज्जत राहिली. त्यानं मोठ्या ऐटीत तावितोपुढं हात केला. ब्रश मिळाला. त्यानं हात तसाच ठेवला. एकोणचाळीस मुलांना स्टिकर, मग चाळिसाव्याला का नाही?

डॉक्टरनं डब्यातून लाल स्टिकर काढला आणि सकाळपासून प्रत्येक आईला विचारत होती तेच फिलोमेनाला विचारलं. "काय आजी, शूरपणे बसला का?"

फिलोमेनाला ब्याऐंशी वर्षांत खोटं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, आणि देवळात ती पहिल्या रांगेत बसायची. तिनं लेकाकडं पाहिलं. मग डॉक्टरकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "रडला. शिवाय तुमच्या बोटाला चावला, ते तुम्ही भिडेखातर सांगत नाही."

डॉक्टरनं स्टिकर डब्यात परत ठेवला.

फालानिकोनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारीच लांगी उभी होती. तिनं आपल्या फ्रॉकचा घेर उलटा केला. आतल्या बाजूला ओळीनं पाच लाल स्टिकर चिकटवलेले होते. तो त्यांच्याकडं बघतोय हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिनं घेर खाली सोडला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आपल्या आजीच्या मागं जाऊन उभी राहिली.